काका, त्या धारेबद्दल आभार

प्रिय काका,
सा. न.

तुमचं काम अंगठीच्या खड्यांचं. तरी अकिकाचा काप पुढे करून "याचा गिटारचा पिक होईल का?" असं विचारणाऱ्यांना तुम्ही भुलेश्वरच्या त्या अरुंद गाळ्यात चाकाशेजारी जागा करून दिलीत. दगडाचा पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, करू पाहणाऱ्या इतरांनाही तुमचं शिकवणं उपयोगी पडावं, म्हणून हे आभार सर्वांसमोर.

पहिले आभार, दगड नाकारायला शिकवल्याबद्दल. रंगाला भुलून फ्लोराइट घेतला जातो. त्याचं काठिण्य मोहसच्या मापावर (हिरा 10) जेमतेम 4, शिवाय तो चार दिशांनी सरळ चिरतो. मॅलेकाइट तसाच मऊ, त्यात त्याची तांबं असलेली पूड विषारी. अकीक आणि जॅस्पर 6.5 ते 7, आणि कण इतके बारीक गुंतलेले की कडा टिकते. पण त्यांचाही प्रत्येक काप चांगला नसतो. तुमची परीक्षा साधी: काप पाण्यात बुडवायचा, उजेडात धरायचा आणि वाळू द्यायचा. वरचं पाणी उडाल्यावरही जी रेघ ओली, काळसर राहते, ती भेग. तिच्या वाटेवर पिकचं टोक येऊ द्यायचं नाही.

काप 3.5 मिमी घ्यायचा, म्हणजे घासून 2.5 ते 3 मिमी उरतो. नेहमीचा आकार, 30 बाय 26 मिमी, धरला तर पिक साधारण 4 ग्रॅमचा होतो. प्लास्टिकचा एक ग्रॅमही भरत नाही. दगड वाकत नाही, त्यामुळे जी काही लवचीकता हवी ती मनगटातून यायला लागते. सुटे सूर आणि मेंडोलिनसाठी हा ठसठशीत आवाज उत्तम. नुसत्या कॉर्डवर जोरात हात फिरवायला आम्ही तो सुचवणार नाही.

खरं काम कडेचं. दोन्ही बाजूंनी उतार द्यायचा, टोक 1 मिमीच्या खाली न्यायचं नाही आणि गोलवा ठेवायचा. त्याहून पातळ केलं की पहिल्याच जोरकस फटक्याला टवका उडतो. चाकं क्रमाने 100, 220, 600, 1200, 3000 (आकडा मोठा, तसे चाकाचे कण बारीक), आणि प्रत्येक टप्प्यावर घासायची दिशा काटकोनात बदलायची. आधीचे ओरखडे आडवे पडतात, लगेच दिसतात, आणि ते पुसले जाईपर्यंत पुढचं चाक लावायचं नाही. घाईत 220 चा ओरखडा राहिला तर तो शेवटच्या पॉलिशला पांढरा होऊन वर येतो आणि पुन्हा मागे जावं लागतं.

शेवटी नमद्यावर सेरियम ऑक्साइड, म्हणजे चकाकीची पूड, पाण्यात ताकाइतकी पातळ केलेली. नमदा सुकत आला की दगड हाताला किंचित ओढ देतो. चकाकी त्याच क्षणी चढते, आणि जास्त तापून दगड तडकतो तोही तेव्हाच. म्हणून ओढ लागली की दोन सेकंद आणि पुन्हा ओला करायचा, हे तुम्ही हात धरून दाखवलंत.

आणि ती कापसाची परीक्षा! कडा कापसातून हलकेच ओढायची. तंतू अडकला तर तिथे खरखर आहे. तशी कडा गुंडाळीच्या तारेवर (जिच्यावर बारीक तार गुंडाळलेली असते) खर्र वाजते आणि तारेची गुंडाळी खाते. गुळगुळीत कडेखाली तार नुसती निसटते.

मुंबईच्या दमटपणात बोटं घामेजतात, मग आरशासारखा पिक हातात फिरतो. त्यावर दोन्ही बाजूंना अर्धा मिमी खोल खळगा आणि तो मुद्दाम मंद, 400 वर सोडलेला, हा तोडगाही तुमचाच. सरोद वाजवायचा जवा (सरोदचा पिक) मात्र करवंटीचाच राहू द्या, हे तुमचं म्हणणं आम्हाला पटतं.

सगळ्यात मोठे आभार पाण्याबद्दल. कोरडं घासणं तुम्ही एकदाही चालू दिलं नाहीत. गुजरातमधल्या खंभातच्या अकीक कारागिरांना सिलिकोसिसने, म्हणजे दगडाची बारीक पूड फुफ्फुसात साचून होणाऱ्या रोगाने, किती गाठलं, हे या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. ही पूड फुफ्फुसातून परत निघत नाही. चाकावर सतत थेंब हवा, आणि काम झाल्यावर गाळ ओला असतानाच पुसायचा. अ‍ॅप्रनवर सुकू दिला तर तीच पूड दुसऱ्या दिवशी झटकताना नाकात जाते. गाळ मोरीत ओतायचा नाही, डब्यात बसू द्यायचा, कारण नळीत तो दगडासारखा धरतो.

जॅस्परचे उरलेले तुकडे धुऊन ठेवले आहेत. त्यात लहान अंगठ्यांचे पाच-सहा खडे निघतील. पुढच्या खेपेला घेऊन येतो.

आपले,
गिरगावातले गिटार-मेंडोलिनवाले