दशा निघाल्या की दशा झाली?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘धोतराच्या दशा लोंबत होत्या’ असं वाचलं की हल्ली अनेकांना दुर्दशा आठवते. कुणी त्यात दहाचा आकडाही शोधतं. दोन्ही तर्क चुकीचे आहेत. इथल्या ‘दशा’ म्हणजे ‘दशी’चं अनेकवचन. कापडाच्या टोकाला न विणता राहिलेलं किंवा विणीतून सुटलेलं सूत ते दशी. शिवायचा तो दोरा. दोऱ्याला कुणी दशी म्हणत नाही.

शब्द थेट संस्कृतातला. अमरकोशात वस्त्राच्या दशा स्त्रीलिंगी आणि बहुवचनीच सांगितल्या आहेत. धर्मकार्यातल्या ‘अहत’ वस्त्राचं लक्षणही पाहा: नवं, पांढरं, किंचित धुतलेलं, कुणी न नेसलेलं आणि ‘सदश’, म्हणजे दशांसकट. दशा शाबूत असल्या की कापडाला कात्री लागलेली नाही, हे पाहताक्षणी कळतं.

दशा म्हणजे दिव्याची वातही, आणि आयुष्यातली अवस्थाही. रघुवंशाच्या बाराव्या सर्गाच्या पहिल्याच श्लोकात कालिदासाने दोन्ही अर्थ एकत्र गुंफले आहेत. वृद्ध दशरथ ‘दशान्त’ गाठतो, पहाटेच्या विझू लागलेल्या ज्योतीसारखा. वात संपत आली आणि वयही. मराठीत मात्र वचनावरूनच अर्थ उलगडतो: माणसाची दशा होते, कापडाच्या दशा निघतात.

त्या का निघतात, हेही समजून घ्यावं. काठापाशी आडवं सूत वळून परत विणीत जातं, म्हणून काठाला दशा सुटत नाहीत. कापलेल्या कडेला ते वळण नसतं. कडेचं आडवं सूत गळतं आणि उभ्या सुतांची टोकं मोकळी होतात. नुसत्या दशा छाटून काही साधत नाही, पुढचं सूत सुटतंच. कड दोनदा दुमडून शिवावी लागते. रेशीम किंवा गुळगुळीत सुताचं, विरळ विणीचं कापड असेल तर दुमड थोडी जास्त धरावी.

सुती कापड सरळ कापायला दशी काढण्याइतका खात्रीचा उपाय नाही. काठाला सुमारे 1 सेंमी छेद द्यावा, तिथलं एकच आडवं सूत सुईच्या टोकाने उचलावं आणि हळूहळू ओढावं. कापडाला चुण्या पडतील, त्या बोटांनी पुढे सारत न्याव्यात. सूत निघालं की मागे बारीक पोकळ रेघ उरते, तिच्यावरून कात्री चालवावी. मध्येच सूत तुटलं तर रेघ दिसते तिथवर कापून घ्यावं आणि त्याच सुताचं टोक पुन्हा धरावं. घाईने ओढलं की ते तुटतंच. कापडाला खळ असेल तरी तुटतं, सुतं एकमेकांना चिकटलेली असतात; असं कापड आधी धुऊन वाळवावं. होजिअरीवर हा प्रयोग करू नये. तिथे उभं-आडवं सूत नसतं, नुसते फासे असतात, आणि एक ओढला की ओळच उसवते.

बीजेच्या चंद्रकोरीला अंगावरच्या वस्त्राची दशी वाहायची रीत कितीतरी घरांत होती. इतक्या जुन्या, इतक्या नेमक्या शब्दाच्या जागी ‘लूज थ्रेड’ छापलेलं पाहिलं की वाईट वाटतं. आपल्या पुरवणीत कपड्यांबद्दल लिहिताना ‘दशी’ हाच शब्द वापरावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक