कोंबडीच्या पिसांचा शालू

सान क्रिस्तोबाल, चियापास, मेक्सिको

ती. सौ. आईस,
सा. न.

रविवारी सिनाकांतानला जाऊन आले. इथून जेमतेम दहा किलोमीटर. माया लोकांचं गाव, घरात त्सोत्सील बोलतात. बायकांच्या शाली निळ्या-जांभळ्या फुलांनी गच्च भरलेल्या. मला तुझा कशिदाच आठवला, पण त्यातली बरीचशी फुलं हल्ली मशीनवर भरतात हे कळल्यावर जरा हिरमुसले.

खरी गंमत एका घराच्या पडवीत होती. एक मावशी गुडघ्यांवर बसून विणत होत्या. माग म्हणजे काय, तर चार-सहा काठ्या! ताण्याचं एक टोक खांबाला, दुसरं पट्ट्यानं त्यांच्या कमरेला. मागे रेललं की ताणा ताठ, पुढे झुकलं की सैल. काम संपलं की अख्खा माग गुंडाळून कोपऱ्यात.

मग त्यांनी लग्नाचा उइपील काढला. उइपील म्हणजे डोक्यातून घालायचा सैल झगा. या पिसांच्या उइपीलला ते कुकुमल चिलिल म्हणतात. पांढरं सुती कापड आणि त्यात कोंबडीची पांढरी पिसं. मला वाटलं वरून टाचली असतील. नखानं हळूच चाचपून पाहिलं, तर टाका कुठेच नाही. पीस सुताबरोबर विणीतच गेलेलं. कोंबडीचंच का? तर तिला पंख असतात पण ती उडून जात नाही, दाराशीच राहते. नवरीनंही तसंच राहावं! आजी यावर काय म्हणेल ते मला इथून ऐकू येतंय. आपल्याकडे निदान माप ओलांडायला लावून सोडून देतात.

या डोंगरांतल्या दुसऱ्या गावांत उइपीलवर शंकरपाळ्यांसारखे चौकोन विणतात. शंकरपाळं म्हणजे चार कोपऱ्यांचं जग, मधोमध सूर्य. याश्चिलान या प्राचीन माया शहरात इ.स. ७२५च्या सुमाराला कोरलेल्या दगडावर राणीच्या अंगातही शंकरपाळ्यांचंच वस्त्र आहे. तो दगड आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दादाला म्हणावं, तिथे राहतोस तर एकदा जाऊन बघ. चर्चमधल्या संतिणींनाही उइपील घालतात, अंबाबाईला साडी नेसवतात तसे, एकावर एक.

मावशींनी तव्यावरची गरम तोर्तिया दिली, वर भोपळ्याच्या बियांची पूड. अगदी भाकरी-चटणी.

एक काम कर. तुझ्या पैठणीच्या पदराचा उलट्या बाजूनं फोटो काढून पाठव. सुलट बाजू कुणीही दाखवतं, असं मावशी म्हणाल्या. पदर दोन्हीकडून सारखाच दिसतो असं मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, पण त्यांचा काही विश्वास बसला नाही.

बाबांना नमस्कार.

तुझी,
मनू