कातळशिल्पासाठी अख्खा सातबारा अडकवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकणातल्या कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवी हसोळ, जांभरुण, उक्षी आणि कुडोपी येथील कातळशिल्पे, म्हणजे उघड्या जांभ्या कातळावर खोदलेली प्राचीन चित्रे, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. तेव्हापासून ‘ती वाचवा’ असे सगळेच म्हणतात. पण यादीत नाव आल्याने कायद्याचे संरक्षण मिळत नाही, आणि यादीबाहेरची कितीतरी चित्रे खासगी सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, उघडी पडली आहेत. देवराईला निदान देवाचा धाक असतो. इथे तोही नाही.

मालक विरोध करतो तो चित्राला नव्हे, जमीन अडकण्याला. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण, एवढेच त्याच्या कानावर आलेले असते. राज्याचा प्राचीन स्मारकांचा १९६० चा कायदा वेगळा आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. मग चित्र सापडले की ते कळवण्याऐवजी त्यावर माती लोटणे त्याला सोयीचे वाटते.

प्रत्यक्षात जागा लागते किती? कशेळीचा हत्ती कोकणातल्या मोठ्या चित्रांपैकी एक, साधारण १८ मीटर बाय १३ मीटर. म्हणजे अडीच गुंठेही नाहीत. चारही बाजूंनी १० मीटर मोकळी जागा धरली तरी साडेबारा गुंठ्यांत भागते. एकरांचा सर्व्हे नंबर त्यासाठी अडवायचे कारण नाही. म्हणून आधी मोजणी, मग संरक्षणाची अधिसूचना, हा क्रम हवा. भूमी अभिलेखकडून तेवढ्याच तुकड्याचा नकाशा करून घ्यावा, चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत आणि अधिसूचनेच्या तक्त्यात सर्व्हे नंबरासोबत क्षेत्र व चतुःसीमा नेमकी लिहावी. नुसता सर्व्हे नंबर लिहिला की पुढे प्रत्येक परवानगीला खेटे सुरू होतात.

खरी गोची सामाईक सातबाऱ्याची. पंचवीस-तीस नावे, निम्मे मयत, वारसनोंद नाही, उरलेले मुंबईत. सर्वांच्या संमतीची वाट बघत पोटहिस्सा, म्हणजे तेवढ्या तुकड्याचा वेगळा हिस्सा, करायला गेलात तर जांभ्याचे चिरे काढणारा चिरेखाणवाला आधी पोहोचतो. संरक्षणासाठी पोटहिस्सा पडलाच पाहिजे असे नाही. सरकारने अधिसूचनेचा इरादा जाहीर केल्यावर हरकतींना दोन महिने असतात आणि मालकी मालकाकडेच राहते. त्याच्याशी देखभालीचा करार करण्याची तरतूद १९६० च्या कायद्यातच आहे. त्या करारात पाहणाऱ्यांसाठी वाट, विक्रीपूर्वी कळवण्याची अट आणि राखणदारीचे मानधन स्पष्ट लिहावे, आणि ते मानधन मालकाच्याच घरात जावे. करार नोंदणीकृत करून फेरफाराने ‘इतर हक्कात’ चढवावा, नाहीतर नवा खरेदीदार ‘मला माहीत नव्हते’ म्हणायला मोकळा.

चिरेखाणीत जांभा कापण्याआधी वरचा टणक थर जेसीबीने सोलून काढतात. चित्र नेमके त्याच थरावर असते, आणि बहुतेक खोदरेषा बोटभर खोल. म्हणजे खाण सुरू व्हायच्या आधीच, पहिल्या दिवशीच चित्र गेलेले असते. त्यामुळे गौण खनिजाच्या अर्जासोबत जाणाऱ्या स्थळपाहणी अहवालात ‘कातळावर खोदरेषा आहेत/नाहीत’ असा रकाना आणि फोटो सक्तीचा करावा. पाहणी पावसाळ्यात नको, गवत वाळून सडा मोकळा झाल्यावर व्हावी. आंबा-काजूच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे मारतात, तिथेही हेच.

संरक्षणाच्या नावाखाली होणारे नुकसानही कमी नाही. कातळाला भोके पाडून लोखंडी खांब रोवले की त्या भोकांत पाणी मुरते, खांब गंजून फुगतो आणि कातळ तडकतो. सिमेंटचा बांध उताराच्या बाजूने बंद केला तर आषाढ-श्रावणात आत तळे साचते, गाळ बसतो, शेवाळ धरते. त्यापेक्षा आपला सुक्या चिऱ्यांचा गडगा बरा: कंबरेएवढा, चित्रापासून लांब, उताराकडे पाण्याला वाटा ठेवून, पायाला एकही भोक न पाडता. बाहेरच्या बाजूला चार पायऱ्यांचा ओटा केला की चित्रावर न चढता ते पूर्ण दिसते. रेषांतली माती मऊ झाडूने काढावी, खुरप्याने नव्हे. फोटोसाठी चुना, खडू किंवा रंग भरणाऱ्यांना तर गावानेच हटकावे. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना रेषा आपोआप उठून दिसतात.

शेवटचा मुद्दा नोटिशीचा. ती राजपत्रात आणि स्मारकाजवळ लागते, पण सड्यावर लावलेला कागद चाकरमान्याला कधी दिसणार? हरकतींचे दोन महिने गणपती किंवा शिमगा सामावतील असे धरावेत, आणि त्याच दिवसांत नकाशा ग्रामपंचायतीत मांडून ग्रामसभा घ्यावी. सातबाऱ्यावरची माणसे एरवी एका जागी सापडत नाहीत.

आपला,
एक वाचक, राजापूर