फिल्टरचा डबा रिकामा केलेली डिझेल गाडी घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकमध्ये सध्या जुन्या बाजारातून महागड्या कंपन्यांच्या डिझेल गाड्या बऱ्याच येत आहेत. त्यांत एस्टेट गाड्याही दिसू लागल्या आहेत. टाटांची इस्टेट आणि नंतरची इंडिगो मरीना ज्यांनी वापरली, त्यांना हा आकार नवा नाही: पुढून सेडान आणि छत थेट मागच्या दारापर्यंत. मर्सिडीजची ई २२० डी ऑल-टेरेन २०१८ मध्ये भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत ७५ लाख होती. १,९५० सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, १९४ अश्वशक्ती, ४०० न्यूटन-मीटर टॉर्क, नऊ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना ताकद आणि मागची सीट न पाडता ६४० लिटरची डिकी. व्होल्वोची व्ही ९० क्रॉस कंट्री २०१७ मध्येच आली होती. दिंडोरी-निफाडकडच्या बागायतदाराला शेतावर, घाटात आणि लग्नसमारंभाला एकच गाडी हवी असेल, तर या आकारासारखे दुसरे काही नाही. गाडी चांगली आहे. आम्ही लिहीत आहोत ते तिच्या डीपीएफबद्दल, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरबद्दल.

‘फिल्टर चोकअप झालाय, काढून टाकू, मॅपिंग करू, पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेज वाढेल’ हे वाक्य आता शहरात सर्रास ऐकू येते. काढून टाकणे म्हणजे काय, ते ग्राहकाला कुणी दाखवत नाही. डबा खोलतात, ग्राइंडरने कापतात, आतली सिरॅमिकची जाळी फोडून काढतात, डबा परत वेल्ड करून जागेवर बसवतात आणि मॅपिंग करून इंजिनच्या कॉम्प्युटरला खोटे सांगतात की फिल्टर ठणठणीत आहे. बाहेरून सगळे जसेच्या तसे. ई २२० डीच्या इंजिनात तर याच जाळीवर नायट्रोजन ऑक्साइड मारणाऱ्या एससीआरचा थर असतो. जाळी गेली की काजळीचा पहारा जातोच, त्या विषारी वायूवरचाही बराचसा जातो.

फिल्टर का भरतो, हे आधी समजून घ्यायला हवे. जाळीत मधाच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या असतात. एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद. धुराला भिंतीतून झिरपूनच पुढे जावे लागते आणि काजळी भिंतीवर अडकते. ती साठली की इंजिन स्वतःच थोडे जास्तीचे डिझेल उशिरा फवारून फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. यालाच रीजनरेशन म्हणतात. त्याला सलग दहा ते वीस मिनिटे लागतात. आता गंगापूर रोडहून कॉलेज रोड, तिथून कॅनडा कॉर्नर, मग घर असा चार-पाच किलोमीटरचा दिवस पाहा. इंजिनचे तेलसुद्धा नीट तापत नाही. रीजन सुरू होते, मालक गाडी बंद करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू, पुन्हा बंद. प्रत्येक अर्धवट रीजनमध्ये फवारलेल्या डिझेलातले काही पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने उतरून तेलात मिसळते. तेलाची पातळी वाढलेली दिसते आणि मालक खूश होतो की गाडी तेल खात नाही. खरे तर तेल पातळ झालेले असते आणि टर्बोची बेअरिंगे त्याच तेलावर फिरत असतात. काही गाड्यांत डीपस्टिक नसते, पातळी पडद्यावरच पाहावी लागते. ती महिन्यातून एकदा, सपाट जागी, पाहा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर तेल बदला. थोडे काढून भागत नाही.

रीजन चालू असल्याची लक्षणे माहीत असतील तर निम्मा प्रश्न सुटतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होत नाही, आयडलिंगचे आरपीएम थोडे वर असतात, त्या क्षणाचे अ‍ॅव्हरेज अचानक पडलेले दिसते, आणि गाडी बंद केल्यावरही पुढचा पंखा जोरात फिरत राहतो, गरम वास येतो. अशा वेळी शक्य असेल तर बंद करू नका, दहा-पंधरा मिनिटे आणखी चालवा. आणि त्या अवस्थेत वाळलेल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर गाडी कधीही उभी करू नका. एप्रिल-मे महिन्यात बांधावर गाडी लावायची सवय असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

शहरातच फिरणाऱ्या गाडीला आठवड्यातून एकदा मोकळा रस्ता द्या. पाथर्डी फाट्यावरून निघून घोटी टोलनाक्याच्या अलीकडून परत, किंवा आडगावकडून पिंपळगाव बसवंतपर्यंत. वेग ७० ते ८०, सलग २५-३० मिनिटे. इथे एक गोम आहे. नऊ गिअरचा गिअरबॉक्स ८० च्या वेगाला इंजिन तेराशे-चौदाशे आरपीएमवर आणून ठेवतो. त्यात धूर पुरेसा तापत नाही. स्टिअरिंगमागच्या पॅडलने दोन-तीन गिअर खाली घ्या आणि आरपीएम दोन हजारांवर ठेवा. कसारा घाट उतरणे यासाठी निरुपयोगी. उतारावर पाय काढला की डिझेलचा पुरवठाच तुटतो आणि फिल्टर थंड पडतो. मुंबईहून येताना तोच घाट चढणे मात्र उत्तम. टाकीत डिझेल रिझर्व्हला आले असेल तर बऱ्याच गाड्या रीजन सुरूच करत नाहीत, म्हणून निदान पाव टाकी असू द्या.

एवढे करूनही डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला, तर फिल्टरवर आरोप ठेवण्याआधी तो का भरला ते शोधा. इंजिनच्या पाण्याचे तापमान राखणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर पाणी कधीच ९० अंशांना जात नाही आणि इंजिन स्वतःला थंड समजून रीजन टाळते. ही शे-दोनशे किलोमीटरच्या चालवण्यात काट्यावर दिसणारी गोष्ट आहे, तरी सुटते. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) अर्धा उघडा अडकणे, टर्बोच्या पाइपला चीर, गळका इंजेक्टर, मेलेला तापमान सेन्सर: प्रत्येकाचा शेवट काजळी वाढण्यात किंवा रीजन अडण्यात होतो. आणि सगळ्यांत स्वस्त दोष म्हणजे फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजणाऱ्या सेन्सरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्या. उष्णतेने त्या तडकतात किंवा आत काजळीने बुजतात, सेन्सर चुकीचा दाब सांगतो आणि चांगला फिल्टर भरलेला ठरतो. स्कॅनर लावून, इंजिन बंद आणि फक्त चावी चालू असताना, हा दाब शून्य दिसायला हवा. दिसत नसेल तर आधी सेन्सर आणि नळ्या पाहा. चांगला फिल्टर गरम इंजिनाच्या आयडलिंगला काही मिलीबारच दाखवतो.

वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीवर जबरदस्तीचे रीजन करता येते, पण काजळी प्रमाणाबाहेर असताना करू नये. ती एकदम पेटते, जाळी तडकते किंवा वितळते आणि मग नवा फिल्टर लाखांच्या घरात जातो. अशा वेळी फिल्टर उतरवून उलट दिशेने हवा-पाण्याने साफ करणे हाच सुरक्षित मार्ग. राख तर जळतच नाही, ती फक्त अशीच निघते. राख येते इंजिन ऑइलमधून. म्हणून ऑइलच्या डब्यावर नुसता ५डब्ल्यू-३० हा ग्रेड वाचून चालत नाही. मर्सिडीजच्या या इंजिनाला २२९.५२ ही मान्यता छापलेले कमी राखेचे तेल हवे, व्होल्वोच्या डी५ इंजिनाला व्होल्वोच्या मान्यतेचे ०डब्ल्यू-२०. शहरात फिरणाऱ्या गाडीचे तेल आम्ही आठ हजार किलोमीटरला बदलायला सांगतो. त्यावर खर्च होतो तो वाया जात नाही.

डीईएफ, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड मारायला एससीआरला लागणाऱ्या द्रवाबद्दल थोडे. निळ्या टोपीच्या टाकीत जाते ते ३२.५ टक्के युरियाचे द्रावण. हायवेवर ट्रकवाल्यांसाठी मिळते तेच इथेही चालते, पण आयएसओ २२२४१ छापलेले, सीलबंद आणि ताजे घ्या. ३५ अंशांत ते जेमतेम सहा महिने टिकते. टपरीबाहेर उन्हात ठेवलेली बादली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. चुकून ते डिझेलच्या टाकीत पडले, तर चावीसुद्धा फिरवू नका. टो करून न्या आणि टाकी उपसा. एकदा पंप फिरला की पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळे बदलायची पाळी येते.

जुनी गाडी घेताना आरसी बुकावर प्रदूषण मानक पाहा. बीएस ६ असेल तर फिल्टर असायलाच हवा, आणि त्याआधीच्या बीएस ४ काळातल्या अनेक महागड्या डिझेल गाड्यांतही तो होता. पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून सायलेन्सरच्या आत फिरवा. बंपरमध्ये चकाकणारी नळकांडी कित्येक गाड्यांत शोभेची असतात, खरा पाइप त्यामागे खाली वळलेला असतो, तिथे फिरवा. फिल्टर शाबूत असेल तर रुमालावर जवळजवळ काही येत नाही. काळी काजळी आली तर आतली जाळी नाही किंवा फुटली आहे. गाडी लिफ्टवर घेऊन, खालचे कव्हर काढून, डब्यावर नव्या वेल्डिंगची रेघ शोधा. कंपनीची शिवण सरळ आणि एकसारखी असते, गॅरेजची जाडसर आणि डाग पडलेली. स्कॅनरवर मागच्या रीजननंतरचे किलोमीटर आणि काजळीचे ग्रॅम वाचा. गाडी कितीही चालवली तरी आकडा हलत नसेल तर कॉम्प्युटरशी छेडछाड झाली आहे. दिल्लीकडून आलेल्या गाडीत हे जास्त बारकाईने पाहा. तिकडे जुन्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे बऱ्याच गाड्या इकडे विकल्या गेल्या आहेत, आणि त्यांचे आयुष्य ट्रॅफिकमध्ये गेलेले असते. फॉर्म २८ ची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. एअर सस्पेन्शन असलेली गाडी रात्रभर उभी करून सकाळी पाहा. एक कोपरा बसलेला असेल तर हवेचा फुगा गळतो आहे आणि कॉम्प्रेसर त्यापायी जळायच्या वाटेवर आहे.

फिल्टर काढणे हा गुन्हा आहे, हे गॅरेजवाल्यालाही सांगा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीवाचून असा बदल करता येत नाही. कलम १८२ अ मध्ये मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. प्रदूषणाच्या कलम १९० मध्ये १० हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद.

तरीही या गाड्या पीयूसीत पास होतात. पीयूसी यंत्र धुराचा काळेपणा मोजते. बीएस ६ डिझेलला मर्यादा ०.७ आहे. इंजिन नीट असेल तर जाळी नसतानाही काटा त्याखाली राहू शकतो, कारण सर्वांत बारीक कण डोळ्याला आणि त्या यंत्राला दिसत नाहीत. छातीत खोल जातात ते हेच कण. बीएस ६ ने किलोमीटरमागे कणांचे वजन २५ वरून साडेचार मिलिग्रॅमवर आणले, ते या जाळीच्या जोरावर. नेदरलँड्सने १ जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने त्याच वर्षीच्या १ जुलैपासून गाड्यांच्या ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीत कण मोजणारे यंत्र लावले, ते याच पळवाटेसाठी. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत आपले नाशिक आहे. पुढच्या सिंहस्थात इथे येणाऱ्या गाड्यांची गर्दी आपण सगळे जाणतो.

आमची परिवहन कार्यालयाला विनंती आहे की, बाहेरच्या राज्यातून आलेली डिझेल गाडी एमएच १५ मध्ये नोंदवताना चेसिस नंबरबरोबर फिल्टरचा डबाही लिफ्टवर पाहावा आणि सायलेन्सरच्या आतून रुमाल फिरवावा. त्याला पाच मिनिटे लागतात. कण मोजणारे एखादे यंत्र जिल्ह्यात आले, तर ते चालवायला शिकायची आणि शिकवायची आमची तयारी आहे.

आपले,
डिझेल गाड्यांची दुरुस्ती करणारे काही कारागीर,
अंबड, नाशिक