आधी बसची वाट मोकळी करा

उपनगरी रेल्वेच्या नव्या मार्गांना अग्रक्रम द्यावा, असे सुचवणारा लेख वाचला. रेल्वेची क्षमता मोठी, हे मान्य. पण भूसंपादनापासून पहिली गाडी धावेपर्यंत बरीच वर्षे जातात. तोवर प्रवाशांनी दारात लोंबकळतच राहायचे का? ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ मध्ये बससाठी राखीव मार्गिका सुरू केल्या, त्याही भुयारे न खणता. वीस मिनिटांनी येणारी बस दहा मिनिटांनी येऊ लागली, तर थांब्यावरचे सरासरी ताटकळणे निम्म्यावर येते. मात्र नुसत्या गाड्या वाढवून भागणार नाही. राखीव मार्गिका नसेल तर नव्या बसही एकामागोमाग एक त्याच कोंडीत उभ्या राहतील. आणि लोकलमधून उतरलेला माणूसही स्थानकाबाहेर बसच्याच रांगेत उभा राहतो, याचा लेखात उल्लेखही नाही.

– एक नियमित प्रवासी