भरदुपारचा सारंग ऐकायचा कुठं?

प्रति,
मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली

मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

मी मानवतचा. परभणी जिल्ह्यात आमचं गाव, कापसाच्या बाजारामुळं आपल्या कानावर आलं असेल. इथं माझं शिलाईचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मशीनही त्यांचं आणि फळीवरचा रेडिओही त्यांचाच. शिंप्याचे हात आणि डोळे दिवसभर कापडात अडकलेले असतात. टीव्हीकडं बघत काज होत नाही, मोबाइल चाळत तुरपाई होत नाही. मोकळे राहतात ते फक्त कान. आमच्या गल्लीतला सुतार आणि खानावळीत भाकरी थापणाऱ्या बाया यांचंही तसंच. हे पत्र त्या कानांच्या वतीनं आहे.

मागणी एकच आहे. परभणी आणि छत्रपती संभाजीनगर या आमच्या दोन आकाशवाणी केंद्रांनी महिन्यातला एक पूर्ण दिवस, पहाटेच्या पहिल्या सभेपासून रात्री केंद्र बंद होईपर्यंत, शास्त्रीय संगीत, नभोनाट्य आणि भाषणांना द्यावा. अर्धा तास इथं, वीस मिनिटं तिथं, असं ठिगळकाम नको.

पूर्ण दिवसच का, तर आपलं संगीत घड्याळावर चालतं, रागांची वेळ ठरलेली असते. पहाटे ललत, सकाळी तोडी, भर उन्हात सारंग, उतरत्या दुपारी मुलतानी, दिवेलागणीला मारवा, मग यमन, आणि रात्र चढली की दरबारी, मालकंस. आता मला सांगा, दुपारी बाराचा सारंग ऐकायला माणसानं जायचं कुठं? मैफली होतात संध्याकाळी. सहाला दीपप्रज्वलन, सातपर्यंत सत्कार आणि भाषणं, दहाच्या आत आटपायचं, कारण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. नियम चांगलाच आहे, माझी तक्रार नाही. परीक्षेच्या दिवसांत मीच त्याची आठवण करून देतो. पण त्यापायी रात्रभराची मैफल गेली आणि पहाटेचे, दुपारचे राग नुसते पुस्तकात उरले. रेडिओला ना मांडव लागतो ना पोलिसांची परवानगी. चोवीस तासांचं हे चक्र त्या त्या वेळेला ऐकवू शकेल अशी जागा आता तेवढीच राहिलीय.

एक प्रसंग सांगतो, केंद्राचं नाव घेत नाही. काही वर्षांपूर्वी दिवेलागणीला एका केंद्रावर मारवा लागला होता. बाई गात होत्या. मी सफारीची बाही लावत होतो. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं चालू असलं की माझा पाय मशीनवर आपोआप मंद पडतो, गिऱ्हाइकाला हे कळत नाही, ते घाई करतं. तो संथ बडा ख्याल भरत आला होता, आता जलद लयीतलं द्रुत येणार म्हणून मी कान टवकारले, तर आवाज हळूहळू खाली गेला आणि खताची जाहिरात सुरू झाली. ती संपल्यावर थेट बाजारभाव. गाणाऱ्या बाईंचं नावसुद्धा सांगितलं नाही. कोण होत्या, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर आपल्याला वाटेल की मी केसकरांचा काळ परत मागतोय. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर आपल्याच खुर्चीत १९५२ ते १९६२ बसले. मराठी माणूस, गाण्याचा जाणता. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ सालीच त्यांनी सुरू केला आणि त्याचे उपकार मोठे आहेत. पण त्यांनी सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार केली आणि श्रोते निमूटपणे ती गाणी लावणाऱ्या रेडिओ सिलोनकडं गेले. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. पेटीचंही असंच. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी होती. आमच्या भजनी मंडळात पेटीशिवाय पान हलत नाही, आणि दिल्लीत एकतीस वर्षं तिचा विटाळ! तेव्हा लादणं मला नकोच आहे. महिन्यातले बाकीचे दिवस सिनेमाची गाणी खुशाल लावा, मीही गुणगुणतो.

यावर कोणी म्हणेल, शास्त्रीय संगीतासाठी आकाशवाणीची 'रागम्' वाहिनी आहे की. आहे, २६ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास आहे, आणि चांगली आहे. पण ती डीटीएचवर आणि अॅपवर. वीज गेली की डीटीएच गेलं, रेंज गेली की अॅप गेलं. सेलवरचा रेडिओ मात्र चालूच राहतो. परभणीचं १३०५ किलोहर्ट्झ मीडियम वेव्हवर आहे, एफएम जिथं डोंगराआड अडतं तिथंही मीडियम वेव्ह पोचते, हे आपल्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. शिवाय रागम् सगळ्या देशाची. तिच्यात मराठवाड्याच्या वाट्याला कितीसं येणार?

आणि इथं माणसं कमी नाहीत. गायक नाथराव नेरळकर नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांकडं शिकले आणि पुढं औरंगाबादेत त्यांनी पिढ्या घडवल्या. शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज अंबाजोगाईजवळच्या आपेगावातून देशभर गेला. त्यांचे शिष्य, त्या शिष्यांचे शिष्य आज आहेत, त्यांना महिन्यातून एक दिवस तासभर सलग बसू द्या.

नाटकाचं थोडक्यात सांगतो. नभोनाट्यातली आई पुण्याची आणि गडी तेवढा आमच्याकडचा, हे आता पुरे. आमच्या बोलीत डॉक्टरही बोलतो, वकीलही बोलतो. गावोगाव हौशी नट आहेत, त्यांना माइकसमोर बोलवा. चेहरा दिसणार नाही, फक्त आवाज लागेल.

भाषणांचा विषय मात्र निकडीचा आहे. विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या या मुलखात माणसं सतरंजीवर बसून दोन-दोन तास व्याख्यान ऐकत, त्यामुळं श्रोता मिळेल का ही चिंता नको. काळजी बोलणाऱ्यांची आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही निजामी राजवटीतून सुटलो. ते दिवस कळत्या वयात पाहिलेली माणसं आता नव्वदीच्या पुढं आहेत. वीस मिनिटांची बोलणी त्यांच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रित करावी लागतील, तीही याच वर्षी. केंद्रांच्या कपाटांत जुन्या टेप असतील, त्याही बाहेर काढा. निजामाच्या काळातही औरंगाबादेत रेडिओ केंद्र होतं. त्या काळाचा एखादा तुकडा सापडला तर आम्हाला ऐकवा, शिव्या असल्या तरी चालतील.

खर्चाचं म्हणाल तर स्टुडिओ आहेत, प्रक्षेपक आहेत. कलाकारांना बिदागी मात्र वेळेवर आणि बरी द्या. त्या दिवशी जाहिराती फक्त दोन रागांच्या मध्ये. वक्ता, गायक, तबलजी, तंबोऱ्यावरचं पोरगं, सगळ्यांची नावं आधी आणि नंतर सांगायची. आणि आठवडाभर आधी कार्यक्रमपत्रिका हवेवरून वाचून दाखवायची, म्हणजे कापडं त्या हिशेबानं घेता येतील.

सुरुवातीला १२ नोव्हेंबर बरा पडेल. १९४७ साली त्याच तारखेला गांधीजी आकाशवाणीवरून कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांशी बोलले होते. लोकसेवा प्रसारण दिन म्हणून आपलं खातं तो पाळतंच. एरवी महिन्यातला कोणताही दिवस चालेल, लग्नसराईतला सोडून. तेव्हा दुकानात इतका गोंगाट असतो की भीमसेन आले तरी ऐकू येणार नाहीत.

आपला,
मानवतचा एक श्रोता

ता. क. उत्तर टपालानं पाठवायची तसदी नको. सकाळच्या उद्घोषणेत सांगितलं तरी पोचेल, दुकान नऊला उघडतं.