दोनशे दहा पावलांचा सेवा रस्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : मुंबई-बंगळूर महामार्गालगतच्या सेवा रस्त्याचे राहिलेले तुकडे

मी पिंपरी-चिंचवडमधल्या पुनावळ्याची. लग्न होऊन इथे आले तेव्हा महामार्गाच्या दोन्ही अंगांना शेतं होती आणि रात्री ट्रकचे दिवे घरातून दिसायचे. आता दिसत नाहीत, मध्ये बावीस मजली इमारती उभ्या आहेत. वाकडला एका दवाखान्यात हिशेबाचं काम करते आणि रोज स्कूटीने जाते-येते. अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर. त्यासाठी महामार्गावर पाऊलसुद्धा टाकायची गरज पडू नये, कारण शहराच्या विकास आराखड्यात महामार्गाच्या कडेने 12 मीटर रुंदीचा सेवा रस्ता दाखवलेला आहे. नकाशात तो सलग आहे. जमिनीवर मात्र दुधाचे दात पडलेल्या पोराच्या तोंडासारखा, एक आहे, एक नाही.

माझ्या वाटेवरची जी मोठी फट आहे तिथे 'रस्ता बंद' असा फलक नाही. डांबर संपतं, मग खडी लागते, मग कोणीतरी टाकलेला राडारोडा, त्यापुढे तारेचं कुंपण आणि आत गाजरगवत. पलीकडे पुन्हा चांगला काँक्रीटचा रस्ता सुरू होतो. तो इथून दिसतो, त्यावर लागलेले दिवेही दिसतात. मधलं अंतर एका रविवारी कुंपणाच्या कडेकडेने चालून मोजलं. दोनशे दहा पावलं भरली.

या दोनशे दहा पावलांपायी महामार्गाच्या क्रॅश बॅरिअरचा पत्रा लोकांनी एका जागी वाकवून ठेवला आहे. दुचाकी जेमतेम निघेल एवढी वाट. वाकवलेल्या पत्र्याच्या टोकाला कोणीतरी जुन्या लाल साडीचा काठ गुंडाळलाय, अंधारात गुडघ्याला लागू नये म्हणून. सकाळी नऊला तिथे रांग असते. पाठीवर लॅपटॉपची बॅग घेतलेली मुलं, पुढे पोर उभं करून शाळेत सोडायला निघालेल्या आया, डब्यांच्या पिशव्या लटकवलेले खानावळवाले. एकेक जण मान वळवून मागे बघतो, कंटेनर गेला की अंगात वारं भरल्यासारखी गाडी आत घालतो, दोनशे पावलं जीव मुठीत धरून जातो आणि पुढच्या भगदाडातून पुन्हा सेवा रस्त्यावर उतरतो. पावसाळ्यात चाकांखालून उडालेल्या पाण्यात पुढचं काही दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात मी त्याच पट्ट्यात गाडी बंद पडून उभी होते, हातात हेल्मेट, शेजारून अठरा चाकी जाताना पायाखालची जमीन हलत होती. एका टेम्पोवाल्या दादांनी मागे दिवे लावून गाडी आडवी धरली, म्हणून निभावलं.

ज्यांना हे धाडस नको ते उलट्या बाजूने येतात. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये उलट दिशेने वाहन चालवणं 'धोकादायक' म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. कारवाई होते, ती व्हायलाच हवी. मलाही एकदा पावती मिळाली आहे आणि ती मी मुकाट भरली. पण पावती फाडणारे साहेब जिथे उभे होते तिथून ती फट शंभर फुटांवर होती.

या फटी का राहिल्या, हे मला बाहेरच्या माणसापेक्षा जरा जास्त ठाऊक आहे. आमच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक समजूत पक्की आहे : पैसे खाल्ले, ठेकेदार पळाला, गाववाल्यांनी अडवलं. तिन्ही गोष्टी कुठे ना कुठे घडत असतील. पण रस्ता असा तुकड्यातुकड्याने झाला त्याचं साधं कारण वेगळंच आहे. जमीनमालक किंवा बिल्डर बांधकामाचा नकाशा मंजुरीला टाकतो तेव्हा रस्त्यात जाणारी पट्टी तो सोडून देतो आणि तिचा एफएसआय, म्हणजे तिच्यावर जेवढं बांधता आलं असतं तेवढं बांधकाम, उरलेल्या जागेवर वापरतो. म्हणून जिथे इमारत आली तिथे सेवा रस्ता आला. जिथे अजून शेत आहे, भाऊबंदकी आहे किंवा मालक भाव वाढायची वाट बघतोय, तिथे रस्ता नाही. म्हणजे रस्ता कुठे आधी व्हावा हे रस्त्याने जाणाऱ्यांच्या गरजेवर ठरलंच नाही, ते ठरलं कोणाचा नकाशा आधी मंजूर झाला यावर. मग एका टॉवरपुढे फूटपाथ, झाडं, रंगवलेले कठडे असा झकास पाव किलोमीटर, आणि त्याच्या दोन्ही टोकांना काटेरी तार.

आता एक गोष्ट कबूल करते. अशा फटींपैकी एक आमची आहे. सासरची, रस्त्यात जाणारी दोन गुंठ्यांच्या आसपासची पट्टी. रोज स्कूटीवरून ज्यांना मी मनातल्या मनात शिव्या देते त्यांत आम्हीही आलो.

आम्ही का दिली नाही? 'गाववाल्यांना माज आहे' म्हणणाऱ्यांनी हे जरा ऐकावं. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. त्यात तीन नणंदा, एक सातारला, एक नगरला, तिसरी वारली आणि तिच्या मुलांची वारसनोंद व्हायची आहे. मोबदला म्हणून पुढे येतो तो टीडीआर, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. विरळ वस्तीच्या भागात सोडलेल्या जमिनीच्या दुप्पट टीडीआर मिळतो, कागदावर हे चांगलंच आहे. ज्याच्याकडे मागे दोन एकर उरतात तो पट्टी सोडतो आणि खुशीत असतो. ज्याच्याकडे मागे काहीच उरत नाही त्याने दोन गुंठ्यांचा टीडीआर घेऊन बाजारात कोणाला शोधायचं? शोधलाच, तर तो पडेल भावाने मागतो. त्या पैशात अकरा वाटे. आमच्या थोरल्या दिरांचं म्हणणं एवढंच आहे की 2013च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे रोख मोबदला आणि त्यावरची शंभर टक्के दिलासा रक्कम द्या, उद्या सकाळी ताबा घ्या. ते हेकट आहेत, पण या एका गोष्टीत चूक आहेत असं मला वाटत नाही.

एकदा मी स्वतः त्यांना घेऊन एका कार्यालयात गेले. तिथे सांगितलं, ही पट्टी महामार्गाच्या हद्दीत धरायची की शहराच्या, ते आधी ठरू द्या. दुसऱ्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी चहा दिला, नकाशा उलगडला, महामार्गाच्या हद्दीची रेघ दाखवली आणि म्हणाल्या, रेघेच्या अलीकडचं आमचं, पलीकडचं त्यांचं. आमची पट्टी नेमकी कुठे, विचारलं तर त्यांनी पेन्सिलचं टोक ठेवलं ते थेट रेघेवर. दोष त्या बाईंचा नाही. पण जमिनीवर खुंटा ठोकून हद्द कायम करायला कोणीच आलं नसेल तर कागदावरची रेघ आमच्या काय कामाची?

याच हद्दीवर पुष्कळांनी आपापला संसार मांडलाय, हेही लिहिलं पाहिजे. महामार्गाच्या मध्यापासून 40 मीटरवर बांधकाम रेषा (तिच्या आत बांधायचं नाही) आणि 75 मीटरवर नियंत्रण रेषा (तिथवर परवानगीशिवाय बांधायचं नाही), हा नियम आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे आणि पाळला जातो तो सोयीने. जिथे सेवा रस्ता झालाय तिथेही त्याचा निम्मा भाग गॅरेजवाल्याच्या गाड्या, उभे मिक्सर, वाळू-खडीचे ढीग आणि संध्याकाळच्या हातगाड्या यांचा असतो. 12 मीटरचा रस्ता वापरायला सहा मीटर. वडापाव खायला मीही तिथेच थांबते, म्हणून हातगाड्यांवर फार बोलत नाही. पण रात्रभर उभे राहणारे ट्रक कोणाच्या पोटापाण्याचे? त्यांना ट्रक टर्मिनल हवं, सेवा रस्ता नव्हे.

अंडरपासचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. पुनावळे, ताथवडे, भूमकर चौक इथले भुयारी मार्ग शेतातली जा-ये गृहीत धरून बांधलेले. त्यातून आज मारुंजी-हिंजवडीकडे जाणाऱ्यांचा लोंढा जातो. सेवा रस्ता तुटका असला की माणूस एका अंडरपासमधून पलीकडे जातो, तिकडच्या सेवा रस्त्याने पुढे जातो आणि दुसऱ्या अंडरपासमधून परत येतो. म्हणजे सरळ जाणाऱ्यालाही दोनदा बोगदा ओलांडावा लागतो. अंडरपास रुंद करायला निधी लागेल, वर्षं लागतील, वरची वाहतूक वळवावी लागेल. फट बुजवायला त्यातलं काही लागत नाही. आणि फटी बुजल्या तर बोगद्यांतली थोडी तरी गर्दी आपोआप कमी होईल, हे गणित मांडायला इंजिनिअर कशाला हवा?

महामार्गावर स्थानिक आणि लांब पल्ल्याची वाहतूक एकत्र आली की काय होतं, हे याच महामार्गाच्या पुण्याबाहेरून जाणाऱ्या बाह्यवळणाच्या दक्षिण टोकाने दाखवलंय. 20 नोव्हेंबर 2022च्या रात्री नवले पुलाजवळ एकाच अवजड वाहनामुळे जवळपास 48 गाड्यांचं नुकसान झालं. तिथे तीव्र उतार आहे, आमच्याकडे तसा नाही, हे मान्य. पण त्या गाड्यांमध्ये घरी परतणारे किती होते याचा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

म्हणून आता नवं काम काढताना, आहे तोच रस्ता उखडून पुन्हा काँक्रीट करण्याआधी राहिलेल्या फटी घ्याव्यात. रस्ता रुंदीला चार मीटर कमी मिळाला तरी चालेल, पण सलग मिळू दे. गटनंबरवार यादी चौकात लावावी : कोणती पट्टी ताब्यात आली, कोणती नाही आणि कशामुळे अडली. आमचं नाव त्या यादीत आलं तर सोसायटीतल्या बायका मला बोलतील, बोलू देत. एक-दोन गुंठेवाल्यांना टीडीआरची सक्ती न करता रोख रक्कम द्यावी. अशा पट्ट्यांचा खर्च एका सुशोभीकरणाच्या कामाहून जास्त होणार नाही असं मला वाटतं. ओढा जिथे आडवा येतो तिथे जमीन मिळाली तरी रस्ता अडतो, तेव्हा ओढ्यावरचे छोटे पूल आधी बांधावेत, डांबर मागाहून टाकता येतं. आणि जिथे दोन अंडरपासमध्ये लांबचं अंतर आहे तिथे सेवा रस्ता दोन्ही दिशांनी वापरायची अधिकृत परवानगी द्यावी. लोक तसाच वापरतात. मधोमध पट्टा आखला तर निदान समोरासमोर येणार नाहीत.

कचरा डेपो नको म्हणून याच पुनावळ्यात गाववाले आणि फ्लॅटवाले एका मांडवात बसले होते आणि 2023 अखेर तो रद्द झाल्याची घोषणा ऐकली होती. तेव्हा एकमेकांना भाकरी-पिठलं वाढलं. सेवा रस्त्यावर मात्र दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात, कारण इथे कोणाचं तरी जातं आणि कोणाची तरी सोय होते. मी दोन्हीकडची आहे, म्हणून हे पत्र.

आमच्या अकरापैकी नऊ जणांच्या संमतीच्या सह्या मी या दिवाळीत गोळा केल्या आहेत. नगरची नणंद येत्या महिन्यात येते आहे, धाकट्या भाच्याची वारसनोंद तलाठ्याकडे दिली आहे. मोजणीला ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी दहाच्या आत यावं. नंतर त्या पट्टीवर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ लागतं आणि जुना हद्दीचा दगड त्याच्या टेबलाखाली जातो.

आपली,
एक वाचक, पुनावळे